आधी त्यांना बोलू द्या, मग ठरवा

अमेरिकेत बरीच वर्षं राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचे यजमान ६८ वर्षांचे. न्यूमोनियाचं निमित्त झालं, त्यातून सेप्सिस, म्हणजे संसर्ग सगळ्या शरीराला भोवणं, मग आयसीयू आणि व्हेंटिलेटर. दोन आठवड्यांनंतरही व्हेंटिलेटर सुटेना, तेव्हा गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवली आणि त्यांना लाँग-टर्म ॲक्यूट केअर हॉस्पिटलमध्ये, म्हणजे गंभीर रुग्णांना अनेक आठवडे ठेवणाऱ्या रुग्णालयात, तिथले लोक ज्याला 'एलटॅक' म्हणतात तिथं, हलवलं. त्याला आता पाच आठवडे झाले. मध्यंतरी ते दिवसाचे सहा-सात तास व्हेंटिलेटरशिवाय राहू लागले होते. मग छातीत पुन्हा जंतुसंसर्ग झाला आणि सगळं मागे आलं. आता फिजिओथेरपीवाले आले की ते डोळे मिटून घेतात, मान भिंतीकडे फिरवतात. ताई सकाळपासून रात्रीपर्यंत शेजारी बसतात, विनवतात, कधी रागावतात, कधी नर्सची नजर चुकवून चमच्यानं पाणीही पाजतात. मुलगी म्हणते, "आई, बाबांना छळू नकोस, आता पुरे." मुलगा म्हणतो, "बाबा हार मानणारे नाहीत, सोडायचं नाही." रुग्णाला पुढं कुठं हलवायचं ते बघणारी केस मॅनेजर पुढच्या जागांची यादी देऊन गेली आहे आणि त्यात बहुतेक नर्सिंग होम आहेत. ताई विचारतात : "जबरदस्ती करू की सोडून देऊ? ह्यांनी मनानंच हाय खाल्ली असेल तर माझ्या धडपडीला काय अर्थ? आणि नर्सिंग होममध्ये ठेवलं तर मी त्यांना टाकलं असं होईल का?"

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात मुलीचं म्हणणं आहे, मुलाचं आहे, डॉक्टरांचं, केस मॅनेजरचं आणि तुमचंही आहे. एकाच माणसाचं म्हणणं त्यात कुठं नाही, आणि तो माणूस खोलीच्या मधोमध पलंगावर आहे. त्यांनी मान फिरवली, एवढंच तुम्ही लिहिता. त्या मान फिरवण्याचा अर्थ मुलीनं 'बाबांना आता नको' असा लावला, मुलानं 'बाबा थकलेत, पण लढतील' असा, आणि तुम्ही 'ह्यांनी हाय खाल्ली' असा. तिघांचंही प्रेम खरं आहे. पण त्यांना काय म्हणायचं आहे हे अजून कोणालाच कळलेलं नाही, कारण पाच आठवडे त्यांच्या तोंडून एक शब्द निघालेला नाही. म्हणून जबरदस्ती की सोडून देणं, या प्रश्नाचं उत्तर मी आत्ता देणार नाही. त्याआधी करायचं काम वेगळं आहे.

पण आधी त्या 'हाय खाल्ली'बद्दल बोलू, कारण तुमचं निम्मं दुःख त्या दोन शब्दांत आहे. आयसीयूतल्या गंभीर आजारात स्नायू किती झपाट्यानं झिजतात याची बाहेरच्या माणसाला कल्पना नसते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आयसीयूतल्या रुग्णांच्या मांडीचा स्नायू सोनोग्राफीनं मोजला, तेव्हा दहा दिवसांत त्याचा आकार सरासरी सतरा-अठरा टक्क्यांनी घटलेला दिसला. दहा दिवसांत! तुमच्या यजमानांचे त्याच्या पाचपट दिवस झाले आहेत, आणि मधे पुन्हा संसर्ग झाला. जे पायांचं होतं तेच श्वासाच्या पडद्याचंही होतं. इतके दिवस यंत्र श्वास देत असतं, त्यामुळे तो स्नायूही दुबळा पडतो. अशा शरीराला 'उठा, बसा' म्हणणं म्हणजे काय मागणं आहे, ते एकदा जवळून पाहा.

पलंगाच्या कडेला बसवताना एक थेरपिस्ट मागून खांदे धरते, दुसरी समोर गुडघ्यांशी असते, आणि श्वासाचं आणि व्हेंटिलेटरचं बघणारी रेस्पिरेटरी थेरपिस्ट नळी ओढली जाऊ नये म्हणून ती हातात धरून उभी राहते. पाय खाली सोडले की रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. मान पेलत नाही. पोट, पाठ, मान या सगळ्यांनी एकदम काम करायचं आणि त्याच वेळी श्वासही ओढायचा. तीन-चार मिनिटांत माणूस घामानं निथळतो. बघणाऱ्याला वाटतं, नुसते बसले तर होते. उद्या पुन्हा हेच करायचं आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्यानं दारात थेरपिस्ट दिसल्यावर डोळे मिटले, तर त्याला मी हार म्हणणार नाही.

मान फिरवण्यामागं आणखीही कारणं असू शकतात, आणि ती शोधणं डॉक्टरांचं काम आहे. पहिलं म्हणजे डिलिरियम, आजारपणात होणारा मेंदूचा गोंधळ. या शब्दानं बडबडणारा, नळ्या उपटणारा रुग्ण डोळ्यांसमोर येतो, पण त्याचा एक शांत प्रकारही असतो. माणूस गप्प पडून राहतो, कशात लक्ष देत नाही, आणि घरच्यांना वाटतं रुसलाय किंवा खचलाय. नव्या संसर्गानंतर, झोपेच्या औषधांमुळे, रात्र-रात्र झोप न झाल्यामुळे तो होतो. दुसरं नैराश्य. ते या आजारात खूप आढळतं आणि त्यावर उपचार आहेत. तिसरं दुखणं : सांधे आखडलेले, टाचांना आणि माकडहाडाला जखमा. चौथं, ज्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही, ती भीती. व्हेंटिलेटर काढून चाचणी घेताना श्वास पुरेनासा झाल्याचा अनुभव एकदा आला की शरीर तो विसरत नाही. डॉक्टरांना थेट विचारा : "यांची डिलिरियमची तपासणी शेवटची कधी झाली? नैराश्यासाठी कोणी पाहिलं आहे का? रात्री सलग झोप किती मिळते?" पहाटे रक्त काढायला आणि ताप मोजायला उठवणं टाळता येतं का, हेही विचारा. बऱ्याचदा येतं, फक्त कोणी विचारलेलं नसतं.

आता आवाजाबद्दल. गळ्यातली नळी स्वरयंत्राच्या खाली असते. तिच्याभोवतीचा छोटा फुगा, ज्याला कफ म्हणतात, फुगवलेला असला की उच्छ्वासाची हवा वर स्वरयंत्रापर्यंत जातच नाही. म्हणून ओठ हलतात पण आवाज येत नाही. यावर 'स्पीकिंग व्हॉल्व्ह' नावाची एक छोटी झडप मिळते. श्वास घेताना ती उघडते, सोडताना बंद होते, आणि हवा वरच्या वाटेनं जाऊन आवाज फुटतो. तिच्यातला सगळ्यात परिचित प्रकार पासी-म्यूर व्हॉल्व्ह. तो डेव्हिड म्यूर या तरुणानं तयार केला. त्याला स्नायूंचा असाध्य आजार होता, तो स्वतः व्हेंटिलेटरवर होता आणि त्याला बोलायचं होतं. व्हेंटिलेटर चालू असतानाही काही रुग्णांना ही झडप लावता येते. पण एक गोष्ट अगदी पक्की लक्षात ठेवा : झडप लावण्याआधी कफ पूर्ण रिकामा करावाच लागतो, नाहीतर आत गेलेला श्वास बाहेर पडायला वाटच उरत नाही आणि जीव गुदमरतो. त्यामुळे हे काम स्पीच थेरपिस्ट आणि रेस्पिरेटरी थेरपिस्ट यांनीच करायचं. तुमचं काम विचारण्याचं : "यांना स्पीकिंग व्हॉल्व्ह लावून पाहिला का? नसेल तर कशामुळे? पुन्हा कधी पाहणार?" उत्तर 'आत्ता नाही' असं आलं तरी चालेल, पण ते कारणासकट आलं पाहिजे.

झडप जमेपर्यंतही थांबायची गरज नाही. त्यांचा चष्मा कुठं आहे? श्रवणयंत्र असेल तर ते? आयसीयूतून हलवताना या वस्तू पिशवीत जातात आणि पिशवी कपाटात पडून राहते. चष्म्याविना धूसर दिसणाऱ्या, नीट ऐकू न येणाऱ्या माणसाला आपण मन हरलेला ठरवतो. ते आधी चढवा. मग हो-नाहीची एक खूण ठरवा : एकदा डोळे मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही, किंवा हाताचा दाब. ती खूण मोठ्या अक्षरांत लिहून पलंगाच्या डोक्याशी लावा, म्हणजे प्रत्येक पाळीच्या नर्सला कळेल. आणि एक पुठ्ठा मराठीत तयार करा. इंग्रजीचा पुठ्ठा हॉस्पिटल देईल, पण दमलेला माणूस, चाळीस वर्षं अमेरिकेत काढलेला असला तरी, आईच्या भाषेकडे वळतो. 'दुखतंय', 'श्वास पुरत नाही', 'कूस बदला', 'थंडी वाजते', 'भीती वाटते', 'थांबा', 'आज नको, उद्या' हे शब्द मोठे लिहा आणि खाली इंग्रजी लिहा, म्हणजे नर्सलाही वाचता येतील. मराठी दुभाष्याची गरज वाटली तर मागा. अमेरिकेच्या केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या रुग्णालयांना भाषेची ही मदत विनामूल्य द्यावी लागते, आणि फोनवरून ती मिळू शकते. गंभीर बोलणं असेल तेव्हा मुलांनी दुभाषी होऊ नये असं मला वाटतं. बाबांच्या तोंडचं वाक्य मुलगी एका तऱ्हेनं सांगेल, मुलगा दुसऱ्या.

मग विचारा. 'व्यायाम करणार ना?' असं नको, त्याला माणूस एक तर मान हलवतो किंवा फिरवतो. दुखतंय का, कुठं, श्वासाची भीती वाटते का, सकाळी बरं वाटतं की दुपारी, हे विचारा. एका वेळी दोनच प्रश्न, आणि उत्तराला भरपूर वेळ द्या. आपण चार सेकंदांत दुसरा प्रश्न टाकतो. त्यांना वीस लागतील.

पाण्याबद्दल मात्र मी स्पष्ट बोलते. ते आजपासून बंद करा. तुम्ही मायेपोटी करता हे मला कळतं, ओठ कोरडे पडलेले बघवत नाहीत. पण गिळण्याचे स्नायूही दुबळे झालेले असतात, आणि पातळ पाणी सगळ्यात पटकन घसरून श्वासनलिकेत उतरतं. बरेचदा ठसकासुद्धा लागत नाही, त्यामुळे बाहेरून कळत नाही. छातीतला नवा संसर्ग त्यामुळेच झाला असं मी म्हणत नाही, तसं कोणी म्हणू शकणार नाही. पण डॉक्टरांना सांगून टाका की तुम्ही पाणी देत होता. कोणी रागावलं तर रागावू दे. त्यांना ही माहिती हवी आहे. स्पीच थेरपिस्ट गिळण्याची तपासणी करते, कधी एक्स-रेखाली तर कधी नाकातून बारीक कॅमेरा घालून. तोवर ओल्या स्पंजनं तोंड पुसायला शिकून घ्या, त्यानंही खूप बरं वाटतं.

थेरपी थांबवू नये, असं माझं मत आहे. पण ती आत्ता चालली आहे तशी चालू नये. लवकर आणि नियमित हालचालीनं फरक पडतो याला आधार आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, व्हेंटिलेटरवर असतानाच व्यायाम सुरू केलेल्या रुग्णांपैकी ५९ टक्के रुग्णालयातून निघताना स्वतःची रोजची कामं स्वतः करू शकत होते. नेहमीच्या पद्धतीच्या गटात हे प्रमाण ३५ टक्के होतं. ते रुग्ण आयसीयूतल्या पहिल्या दिवसांतले होते, तुमच्या यजमानांची स्थिती वेगळी आहे, म्हणून आकडा तसाच्या तसा लावू नका. पण पडून राहण्यात विश्रांती नाही, एवढं त्यातून नक्की कळतं. मुलीला हे सांगा. 'त्यांना आराम करू दे' हे ऐकायला दयाळू वाटतं, पण पडून राहिलेल्या दिवसांतही स्नायू झिजतच असतात.

फरक वेळेत आणि निवडीत करा. व्हेंटिलेटर काढण्याची चाचणी आणि फिजिओथेरपी एकापाठोपाठ एक येत असतील तर माणूस दोन्हींत नापास होतो. मधे अंतर ठेवायला सांगा. दुखण्याचं औषध व्यायामाच्या आधी लागू पडेल अशा वेळी देता येईल का, नर्सला विचारा. आणि त्यांना निवड द्या : आज खुर्ची की पलंगाची कडा? आधी हात की पाय? नळ्यांनी बांधलेल्या माणसाचं सगळं काही दुसऱ्यांच्या हातात गेलेलं असतं. 'आत्ता नको, दोन वाजता' एवढं म्हणता आलं आणि ते पाळलं गेलं, तर दोन वाजता मान फिरण्याची शक्यता कमी होते. नकार दिलाच, तर तो कागदावर कसा लिहिला जातो तिकडे लक्ष द्या. नुसतं 'रुग्णानं नकार दिला' असं साचत गेलं की पुढं 'थेरपीचा उपयोग नाही' असा निष्कर्ष निघतो आणि विमाही त्यावर बोट ठेवतो. 'थकवा होता, दुपारी पुन्हा प्रयत्न केला' असं खरं कारण लिहायला सांगा.

तुम्ही स्वतः थेरपीच्या वेळी खोलीत असावं का? काही रुग्णांना घरच्यांमुळे बळ येतं, काहींना बायकोसमोर असं लटपटताना लाज वाटते. हेही त्यांनाच विचारा.

सहा-सात तासांवरून मागे आल्यानं तुम्ही खचलात. पण व्हेंटिलेटर सुटण्याची वाट सरळ चढत जात नाही. संसर्ग, छातीत बेडका साचणं, एखादी वाईट रात्र, यांनी ती मागे येते आणि पुन्हा पुढे जाते. अशाच रुग्णालयातल्या रुग्णांवर केलेली एक मोठी चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. गळ्याच्या नळीवर नुसता ऑक्सिजनचा कॉलर लावून रोज थोडा थोडा वेळ स्वतः श्वास घ्यायला लावलेल्या रुग्णांना व्हेंटिलेटर सुटायला मध्यक १५ दिवस लागले, आणि यंत्राचा आधार हळूहळू कमी करत नेलेल्यांना १९. म्हणजे चांगल्या गटातही निम्म्यांना १५ दिवसांहून जास्त लागले. तुमच्याकडे कोणती पद्धत वापरतात ते विचारा. खोटी आशाही मी देणार नाही. सगळ्यांचा व्हेंटिलेटर सुटत नाही. अशा रुग्णालयात पोचलेल्यांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त लोकांचा तिथून निघेपर्यंत सुटला आणि सुमारे दोन तृतीयांश वर्षानंतर हयात होते, असं अमेरिकेतल्याच एका रुग्णालयातल्या पाहणीत दिसलं. वर्षानंतर जे बोलू शकत होते त्यांना विचारलं, 'पुन्हा वेळ आली तर हे सोसाल का?' तेव्हा बहुतेकांनी हो म्हटलं. अर्थात जे गेले त्यांना विचारता आलं नाही, हे विसरू नये.

मुलगा आणि मुलगी यांच्यात तुम्ही अडकला आहात. त्यांना एका वाक्यावर आणण्याचा मार्ग म्हणजे मुदत ठरवून केलेला प्रयत्न. डॉक्टरांसोबत बसून ठरवायचं : पुढचे तीन आठवडे, म्हणा, संसर्गावर उपचार, रोजची चाचणी, रोजची थेरपी सगळं मनापासून करायचं. कशाला सुधारणा म्हणायची ते आधीच लिहायचं. दिवसाचे किती तास स्वतः श्वास, कडेला किती मिनिटं बसणं, आवाज फुटणं. मुदत संपली की पुन्हा बसायचं. मुलाला यात प्रयत्न मिळतो, मुलीला तो अखंड चालणार नाही याची हमी. पॅलिएटिव्ह केअरची टीमही बोलवा. ते नाव ऐकून घाबरू नका. उपचार चालू असतानाच वेदना, दम, झोप आणि निर्णय यांत मदत करणं हे त्यांचं काम, मरणासन्नांसाठीची हॉस्पिस सेवा वेगळी. आणि तुमच्या यजमानांनी हेल्थ केअर प्रॉक्सीचा, म्हणजे आपल्या वतीनं उपचारांचे निर्णय कोणी घ्यायचे ते नेमून देणारा, कागद केला होता का, ते आजच शोधा. ते निर्णय घेऊ शकत नसतील तेव्हाच तो कागद लागू होतो. डोकं ताळ्यावर असेल तर निर्णय त्यांचा, आवाज नसला तरी.

आता नर्सिंग होम. एलटॅक ही मुळात राहण्याची जागा नाही. मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, त्याच्या व्याख्येतच तिथला सरासरी मुक्काम २५ दिवसांहून जास्त असावा लागतो, यावरून तिचा पल्ला कळतो. तिथून निघणं म्हणजे हाकललं जाणं नव्हे. रिहॅब, म्हणजे पुनर्वसन रुग्णालयात सहसा दिवसाला तीन तास, आठवड्याचे पाच दिवस थेरपी सोसता यावी लागते. तुमचे यजमान आत्ता तिथं पोचलेले नाहीत. स्किल्ड नर्सिंग फॅसिलिटीत, म्हणजे थेरपी देणाऱ्या नर्सिंग होममध्ये, ती कमी वेगानं चालते, आणि काही ठिकाणी व्हेंटिलेटरचा खास विभाग असतो. तिथं बळ आलं की पुढं रिहॅबला किंवा घरी जाता येतं. यादीतल्या जागा तुम्ही किंवा मुलगा प्रत्यक्ष पाहून या. शनिवार-रविवारी थेरपी होते का, रात्री रेस्पिरेटरी थेरपिस्ट असते का, दर दोन तासांनी कूस बदलतात का, स्पीकिंग व्हॉल्व्ह वापरता येणारं कोणी आहे का, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाला जे गोंधळतील ती जागा मी सोडेन. त्यांना टाकलं, असं तेव्हा होईल जेव्हा तिथं त्यांना विचारणारं कोणी नसेल.

पैशांबद्दल थोडं, कारण वेळ कमी आहे. मूळ मेडिकेअरमध्ये आयसीयूचे आणि एलटॅकचे दिवस एकत्र मोजले जातात. वजावट, म्हणजे सुरुवातीची ठरावीक रक्कम, भरली की पहिल्या ६० दिवसांना तुम्ही भरायचा रोजचा हिस्सा नसतो, ६१ ते ९० या दिवसांना असतो, आणि पुढं आयुष्यात एकदाच वापरता येणारे ६० राखीव दिवस, त्यांचा हिस्सा आणखी मोठा. तुमचे आतापर्यंत पन्नास दिवस झाले असावेत, म्हणून याच आठवड्यात केस मॅनेजरकडून नेमका आकडा घ्या. मेडिगॅपची, म्हणजे मेडिकेअरला जोड म्हणून घेतलेली खासगी पॉलिसी असेल तर तो हिस्सा बहुधा त्यातून जाईल. मेडिकेअर ॲडव्हान्टेज, म्हणजे खासगी कंपनीमार्फत घेतलेलं मेडिकेअर, असेल तर नियम त्या कंपनीचे आणि पुढच्या जागेसाठी पूर्वमंजुरी लागू शकते. डिस्चार्ज लवकर होतोय असं वाटलं, तर मेडिकेअरच्या नोटिशीवर अपिलाचा फोन नंबर असतो. ठरलेल्या डिस्चार्जच्या दिवसापर्यंत फोन करायला हवा. आणि नर्सिंग फॅसिलिटीत कोणी 'सुधारणा होत नाही, म्हणून थेरपी बंद' म्हणालं, तर मेडिकेअरबाबतच्या एका खटल्यातला २०१३ चा 'जिम्मो' समझोता लक्षात ठेवा. आहे ती ताकद टिकवायला किंवा घसरण थांबवायला कुशल हातांची गरज असेल, तर निव्वळ सुधारणा नाही म्हणून मेडिकेअर नाकारू शकत नाही.

तुमचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा पहारा मात्र कमी करा. रुग्ण घरी येतो तेव्हा घरच्यांची झोप उडालेली आणि मन पोखरलेलं असतं, हे आयसीयूच्या डॉक्टरांना इतकं दिसतं की त्याला त्यांनी वेगळं नावच दिलं आहे. यजमानांच्या बऱ्या वेळा ओळखा, त्या वेळी तिथं असा, आणि रात्री घरी झोपा. शेजारी बसाल तेव्हा एका वहीत रोजच्या चार ओळी लिहा : आज काय झालं, कोण आलं, बाहेर काय चाललंय. आयसीयूतले दिवस रुग्णांच्या आठवणीत फाटलेले असतात, मधे भलतीसलती स्वप्नं शिरलेली असतात. पुढं ते विचारतील, तेव्हा वही उपयोगी पडेल.

आता फोन उचला आणि केस मॅनेजरकडे टीमच्या बैठकीची वेळ मागा. डॉक्टर, रेस्पिरेटरी, स्पीच, फिजिओ सगळे हवेत. मुलगा-मुलगी लांब असतील तर व्हिडिओवर घ्या. आणि बैठक कॉन्फरन्स रूममध्ये नको, तुमच्या यजमानांच्या खोलीत, ते टवटवीत असतात त्या वेळी, चष्मा लावून आणि पुठ्ठा त्यांच्या हाताशी ठेवून घ्या. पहिला प्रश्न डॉक्टरांनी तुम्हाला विचारला तर उत्तर देऊ नका, तो यजमानांकडे वळवा.